नळीवरचा अंगठा

वाणगावच्या कृष्णकांत चुरी गुरुजींना रोमचं वेड होतं, आणि तेही हाताबाहेर गेलेलं. बोईसरच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. बाकीचा इतिहास परीक्षेपुरता व्हायचा. पण रोमन लोकांनी शहरात पाणी कसं आणलं, हा विषय निघाला की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नसे. हा विषय त्या वर्षीच्या पुस्तकात आहे की नाही, याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

"त्या उंच कमानी विसरा," ते मुलांना सांगत. "कमानी फोटोत बऱ्या दिसतात. खरा पाट बहुतेक जमिनीखालूनच जायचा, कोसच्या कोस. डोंगरातला झरा गाठायचा, दगडी पाट बांधायचा, वर फरशी झाकायची आणि उतार इतका बारीक ठेवायचा की पाण्यालासुद्धा कळू नये आपण खाली चाललोय ते. उतार जास्त झाला तर पाणी पाट खातं, कमी झाला तर गाळ बसतो. पंप नाही, मोटार नाही. शहराच्या तोंडाशी हौद. हौदातून एक वाटा रस्त्यावरच्या कारंज्यांना, तिथून गोरगरीब पाणी भरणार. एक वाटा स्नानगृहांना. एक बड्या लोकांच्या घरांना, शिशाच्या नळांतून." समोर बसलेल्या निम्म्या पोरांच्या चाळीत पाणी टँकरनं यायचं, त्यामुळे ती हे सगळं परीकथेसारखं ऐकत.

त्यातही एक गोष्ट पोरांना फार आवडे. आफ्रिकेतल्या एका रोमन गावासाठी डोंगरातून पाण्याचा बोगदा खणायचा होता. मोजणीदारानं डोंगरावरून खुंट्या मारून रेघ आखून दिली आणि तो निघून गेला. दोन टोळ्या दोन बाजूंनी खणत निघाल्या आणि डोंगराच्या पोटात एकमेकींना चुकल्या. मोजणीदाराला पुन्हा बोलावलं. त्यानं सगळं निस्तरलं आणि शेवटी दगडावर कोरून ठेवलं की माझी रेघ बरोबर होती, खणणारेच भरकटले. गुरुजी आंधळ्या कोशिंबिरीसारखे हात पुढे करून दोन्ही टोळ्यांची सोंगं करायचे. वर्ग हसून लोळायचा. "ऐकायचं नाही म्हटलं की असं होतं," असं म्हणून ते खडू ठेवायचे.

निवृत्त झाल्यावर माणसानं चिकूच्या वाडीत खाट टाकून पडावं. गुरुजींना ते जमलं नाही. त्यांचा जुना विद्यार्थी शैलेश बोईसरला कारखानदार झाला होता आणि त्याचं एक सेवाभावी मंडळ होतं. त्या मंडळानं पूर्वेकडच्या डोंगरातला खडकीपाडा पाण्यासाठी निवडला. पाड्यावर वारल्यांची बत्तीस घरं. वरच्या अंगाला बारमाही झरा, पण बायांना दीड किलोमीटर चढून जायचं आणि डोक्यावर हंडे घेऊन उतरायचं. मागे कुणीतरी प्लास्टिकचा पाइप टाकला होता, तो वणव्यात वितळून गेला. शैलेश म्हणाला, "सर, लोखंडी पाइप टाकू." गुरुजींचे डोळे चमकले. "पाइप कशाला? पाट बांधू. दगडी, वरून झाकलेला, नुसत्या उतारावर चालणारा. दोन हजार वर्षांपूर्वी जे जमलं ते आपल्याला जमणार नाही?" शैलेशनं शाळेत गुरुजींच्या छड्या खाल्ल्या होत्या. तो नाही म्हणाला नाही.

मोजणी गुरुजींनी स्वतः करायची ठरवली. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आणली, पाण्यानं भरली, दोन टोकांना दोन खुणांच्या काठ्या बांधल्या. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं सुकाच्या. सुका पन्नाशीचा, पाड्यातला जाणता माणूस. आवणाच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत कुणाच्या खाचरात पाणी उभं राहत नसलं की त्याला बोलावत. तो बांधावर उकिडवा बसायचा, थोडा वेळ भुई न्याहाळायचा आणि सांगायचा, इथं एक हात फोडा, तिथं लिंपा. पैसा घेत नसे. पण पाड्यात त्याच्या शब्दाला किंमत होती, आणि त्याच्याजवळ एवढी एकच गोष्ट किमतीची होती.

नळीनं उतार मोजणं सोपं असतं. दोन्ही टोकांना पाणी एका पातळीला येतं, त्यावरून भुईचा चढउतार कळतो, आणि किती खोल खणायचं ते दाखवणारी खुंटी मारता येते. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना पाणी सांडू नये म्हणून दोघांनी आपापल्या टोकावर अंगठा दाबायचा, आणि मोजताना दोघांनीही तो काढायचा. अडतीस ठिकाणी त्यांनी तसंच केलं. एकोणचाळिसावं ठिकाण काळ्या कातळाजवळ होतं. तिथं मंडळाची चिटणीस मेघाली फोटो काढायला आली होती, आणि ऐकणारं नवं माणूस दिसल्यावर गुरुजी गप्प कसे राहतील? ते तिला रोमच्या अकरा पाटांबद्दल सांगत होते. बोलता बोलता काठीवरचा आकडा बघून त्यांनी वहीत टिपला.

"गुरुजी," सुका म्हणाला, "इथं भुई चढते. पानी पुढं नाय जायाचं."

"काठी काय सांगते?"

"काठीचं मला कलत नाय. पन भुई चढते."

"अरे, डोळ्याला चकवा होतो. म्हणून तर नळी आणली. नळी खोटं बोलत नाही." मेघाली हसली म्हणून गुरुजींनी ते वाक्य आणखी एकदा म्हटलं. सुका पुढच्या खुंटीकडे गेला.

दिवाळीनंतर पाड्यातली निम्मी घरं वीटभट्टीवर जातात. त्या वर्षी सुकानं घरोघरी फिरून लोकांना थांबवलं. "गुरुजींनी नलीनं मोजलंय," तो सांगत होता. "आपल्याला काय, खुंटीपरमानं खनायचं." स्वतःच्या डोळ्याला पटलेलं बाजूला ठेवून त्यानं गुरुजींची नळी खरी मानली. तीन महिने लोकांनी खणलं. ठमी नावाची एक विधवा बाई होती, तिनं सुनेला घेऊन ओढ्यातले दगड वाहिले. अधूनमधून गुरुजी यायचे, पाटात उतरून छाती फुगवायचे आणि उतरताना कुणाला तरी म्हणायचे, "तुम्ही इतिहास घडवताय." दगड वाहणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटतं, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

फेब्रुवारीत उद्घाटन ठरलं. मांडव घातला, पाहुणे आले, शैलेशनं नारळ फोडला, झऱ्याचं तोंड उघडलं. पाणी छान पाटातून निघालं. मुलं बरोबर पळत होती. काळ्या कातळापाशी ते थबकलं, फुगलं, काठावर चढलं आणि उजवीकडच्या दरीत पडू लागलं. खाली हौदाशी बसलेले पाहुणे कोरड्या तोटीकडे बघत राहिले.

गुरुजी धापा टाकत कातळापर्यंत चढून गेले. मागोमाग शैलेश, मेघाली आणि निम्मा पाडा. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं त्यांच्या तोंडून निघालं, "सुका, इथं खुंटीइतकं खोल खणलंच नाहीस तू. सांगितलेलं ऐकायचं नाही, मग असं होतं."

सुकानं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग पाहुण्यांकडे बघितलं. "चुकलं असंल," तो म्हणाला.

त्या 'असंल'मध्ये किती जागा ठेवली होती त्यानं गुरुजींना! गुरुजींनी ती घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मेघालीनं अहवालासाठी सगळे फोटो पाठवले. गुरुजी ओटीवर चहा घेत एकेक फोटो मोठा करून बघत होते. कातळाजवळचा फोटो आला. माणूस आधी बघतो तसा त्यांनीही आपला चेहरा बघितला. तोंड उघडं, डावा हात रोमच्या दिशेनं वर. मग नजर उजव्या हातावर गेली. त्या हातात नळीचं टोक होतं आणि टोकावर अंगठा, गच्च दाबलेला. फोटोत दुसऱ्या टोकाला सुका होता. त्याचा अंगठा वर होता.

चहा तसाच राहिला. टोक बंद असेल तर पाणी हलत नाही, आहे तिथंच राहतं. पहिलीतल्या पोराला कळेल अशी गोष्ट. त्यांनी मागच्या जागेचाच आकडा टिपला होता आणि त्यावर पुढच्या सगळ्या खुंट्या मारल्या होत्या. सुकानं खुंटीबरहुकूम खणलं होतं, बोटभरही कमी नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांनी मुलांच्या वह्यांत शेकडो वेळा तांबड्या शाईनं लिहिली होती.

"काय झालं?" त्यांच्या बायकोनं, शैलाताईंनी विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं परवा."

त्यांनी तो फोटो पुसून टाकला. मग मेघालीला फोन करून सांगितलं की कातळाजवळचा फोटो अहवालात नको, त्यात माझे डोळे मिटलेत. फोन ठेवल्यावर त्यांना शरम वाटली. त्याच दिवशी गाडी काढून पाड्यावर जावं असं त्यांना वाटलं, खरंच वाटलं. पण त्या दिवशी वाडीत चिकू उतरवायला माणसं होती, दुसऱ्या दिवशी घिवलीला शैलाताईंच्या माहेरी साखरपुडा होता, आणि न जायचं ठरवलेल्या माणसाला कारणांचा तोटा कधीच पडत नाही.

पंधरा दिवसांनी शैलेशचा फोन आला. "सर, पाणी आलं! हौद भरला!" सुकानं आणि त्याच्या बायकोनं, तानीनं, दोघांनीच कातळाच्या अलीकडून नवा फाटा काढला होता. उताराच्या खालच्या अंगानं वळसा घालून. नळी नाही, काठी नाही. थोडं खणायचं, थोडं पाणी सोडायचं, ते कुठं जातं बघायचं आणि पुन्हा खणायचं. "चूक सुधारली त्यानं," शैलेश म्हणाला. "मूळ आराखडा तुमचाच ना, सर." गुरुजी "हो, हो" म्हणाले. फोन ठेवून त्यांनी आरशात बघायचं टाळलं.

मे महिन्यात मंडळानं बोईसरला स्टेशनजवळच्या सभागृहात गुरुजींचा सत्कार ठेवला. व्याख्यानही ठेवलं: रोमपासून खडकीपाड्यापर्यंत. मंडळाच्या गाडीनं सुका आणि तानीलाही आणलं होतं. गुरुजी आत शिरले तर ती दोघं पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसलेली. सुकानं इस्त्रीचा सदरा घातला होता. गुरुजींना परत फिरावंसं वाटलं, पण शैलेशनं हात धरून त्यांना पुढे नेलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते तानीला म्हणाले, "काय, आता पाणी आलं. पाडा खूश असेल."

"पान्याला खूश हायेत," तानी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "याला नाय. लोक बोलतात, यानं आपलीच चूक निस्तरली. धड खनलं असतं तर भट्टीचा हंगाम गेला नसता. ठमी बोलते, याच्या शब्दाव आमी थांबलो. या साली बांध घालायला खालच्या पाड्यातला मानूस बोलावला त्यांनी."

"तानी," सुका म्हणाला, आणि ती गप्प झाली.

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने ते स्वतःची समजूत घालत होते की पाणी आलं ना, मग झालं. त्यांना वाटलं होतं, चूक पाण्यात वाहून गेली. ती सुकाच्या अंगणात जाऊन बसली होती.

शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह झालं. गुरुजी बोलायला उभे राहिले. झरा, झाकलेला पाट, बारीक उतार, वेशीवरचा हौद, सगळं तोंडपाठ होतं, आपोआप बाहेर येत गेलं. मग सवयीनं बोगद्याची गोष्ट आली. त्यांनी हात पुढे करून चाचपडण्याचं सोंग केलं, लोक हसले, आणि त्यांची जीभ अडखळली.

"तो दगड मोजणीदारानं कोरला," ते हळूच म्हणाले. "एकतीस वर्षं मी त्याचं खरं धरून चाललो. खणणाऱ्यांना कोरता येत नव्हतं. आलं असतं तर त्यांनी काय लिहिलं असतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही."

गुरुजींनी खिशातला रुमाल काढला, पुन्हा ठेवला.

"खडकीपाड्याचा मोजणीदार मी होतो. कातळाजवळ नळीच्या टोकावरून मी अंगठा काढलाच नाही, बडबडीत. सुकानं तिथल्या तिथं सांगितलं, भुई चढते. मी त्याला गप्प केलं. पाणी अडलं तेव्हा दोष त्याच्यावर टाकला. मेघालीकडे फोटो आहे. माझे डोळे मिटलेत म्हणून नको, असं मी तिला सांगितलं. माझे डोळे उघडे होते."

मेघालीनं गोंधळून फोन काढला, कातळाजवळचा फोटो शोधला आणि व्याख्यानासाठी लावलेल्या पडद्यावर टाकला. अंगठा हातभर मोठा दिसत होता. गुरुजींनी मान खाली घातली. आता कुणी उठेल, काहीतरी बोलेल, निदान कुजबुज होईल, अशी त्यांनी वाट बघितली.

टाळ्या सुरू झाल्या. आधी शैलेशच्या, मग सगळ्यांच्या. लोक उभे राहिले. "याला म्हणतात मोठेपणा," अध्यक्ष माइकवर म्हणाले. "एवढा विद्वान माणूस, पण किती विनय! आजकाल कोण आपली चूक कबूल करतं?" एका बाईंनी डोळे पुसले. दोघंतिघं पाया पडून गेले. गुरुजी "नाही, नाही, तसं नाही" म्हणत राहिले, तर टाळ्या आणखी वाढल्या. कबुली द्यायला गेले आणि दुसरा सत्कार घेऊन बसले. इतकी लाज त्यांना फोटो पुसतानाही वाटली नव्हती.

चहाच्या वेळी ते गर्दीतून वाट काढत सुकापाशी गेले. सुका भिंतीला टेकून उभा होता, हातात कागदी कप.

"सुका, मी बोललो," गुरुजी म्हणाले.

"आयकलं."

"मग?"

सुकानं चहा संपवला. कप कुठं टाकायचा ते शोधलं. मग म्हणाला, "गुरुजी, हेच पाड्यावर येऊन बोला. तिथं टाल्या नाय वाजवत कोनी."

गुरुजींनी शैलाताईंना फोन करून जेवायला थांबू नका म्हणून सांगितलं आणि मंडळाच्या त्याच गाडीत सुका-तानीच्या शेजारी जाऊन बसले. पहिल्या पाळीच्या बसेस कारखान्यांतून सुटत होत्या, फाटकापर्यंत रिक्षांची गर्दी होती. गाडी हायवे ओलांडून डोंगराला लागली. मनातल्या मनात गुरुजी वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्यात रोम येत होतं. एकेक करून त्यांनी ते काढून टाकलं.

गाडी खालच्या वाटेला थांबली. चारच्या सुमाराला हौदावर बायांची भरायची वेळ असते. तानीनं हाक मारली तसे घरांतून पुरुषही आले, पंधरावीस माणसं झाली. ठमी पुढे होती. गुरुजी हौदाला पाठ लावून उभे राहिले. चार वाक्यांत सगळं संपलं.

"कातळापाशी मोजणीत मी चुकलो. सुकानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. खणलं त्यानं बरोबर. चूक माझी आहे हे मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं आणि मी गप्प बसलो."

तोटीतून पाणी पडत होतं.

"तिसऱ्या दिवशी?" ठमीनं विचारलं.

"हो."

"आनि आमी तीन महिने याला..." तिनं पुढचं सांगितलं नाही. ती गुरुजींकडे बघतच नव्हती. पदर तोंडाला लावून ती सुकाकडे गेली. मग म्हणाली, "सुका, माझ्या खालच्या खाचराचा बांध त्या खालच्या पाड्यातल्यानं वाकडा घातलाय. पानी उभं नाय राहायाचं. बघशील?"

"बघू," सुका म्हणाला.

"आत्ता येतोस?"

तो इस्त्रीच्या सदऱ्यातच निघाला. ठमीच्या मागून तिची सून गेली, मग दोघं पुरुष गेले, आमचाही बघ म्हणत आणखी दोघं. बोलत बोलत सगळे खाचरांच्या दिशेनं उतरले. गुरुजींनी सगळी तयारी केली होती, शिव्या ऐकायची, जाब द्यायची, वेळ पडल्यास कुणी अंगावर आलं तर तेही सोसायची. क्षमा मागायचं वाक्यसुद्धा शेवटी ठेवलं होतं. ते ऐकायला आता समोर कोणी नव्हतं. सुकानंही मागं वळून बघितलं नाही.

एकटी तानी राहिली होती. ती घरात जाऊन हंडा घेऊन आली.

"तानी," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "हंडा लावायचा हाय."

गुरुजी बाजूला झाले.